मुक्त साळिंदर आणि मोरावळ्याच्या बरण्या

एका जंगलात, जिथे वीज पोचली होती पण रस्ता पोचला नव्हता, शल्यक नावाचा एक साळिंदर राहत असे. मुलांनो, जंगलात वीज कोठून आली, असे विचारू नका. कथेत कोल्हा बोलू लागतो तेव्हा तुम्ही काहीच विचारत नाही.

शल्यक उच्चशिक्षित होता. ‘बिळांच्या तोंडांचा तौलनिक अभ्यास’ या विषयात त्याने पदव्युत्तर पदवी मिळवली होती. त्यामुळे तो कोणतेही विधान जपून करी. ‘पाऊस पडतो आहे’ असे तो कधीच म्हणत नसे. ‘पाऊस पडत असावा, असे मानण्यास जागा आहे’ असे म्हणे, आणि तोवर भिजून जाई.

त्याच्या बिळात एक संगणक होता. जंगलातल्या सगळ्या संगणकांप्रमाणे तोही सिंहाच्या प्रणालीवर चाले. त्या प्रणालीची अट एकच होती. झाकण उघडून आत पाहायचे नाही. सिंहाला जांभई आली की जंगलातले सारे संगणक बंद होत आणि पुन्हा सुरू होत. मग कोणाचे पत्र अर्धवट राहो, कोणाचे चित्र. प्रजेने हा निसर्गनियम मानला होता.

शल्यकाने तो मानला नाही. पाणवठ्याजवळच्या वडावर वटवाघळांचा एक समुदाय होता. त्यांनी आपसांत मिळून स्वतःची प्रणाली रचली होती. ती कोणीही न्यावी, उघडून पाहावी, बदलावी आणि वाटावी, असे ते सांगत. हा विचार खरोखर उदात्त होता. तो मांडणारे उलटे लटकलेले असत, हा भाग वेगळा.

शल्यकाने सिंहाची प्रणाली पुसली आणि वडाची बसवली. त्या दिवसापासून सिंहाच्या जांभईने त्याचा संगणक बंद पडेनासा झाला. तो इतर कारणांनी बंद पडू लागला. पण ती कारणे आता शल्यकाला समजत होती. स्वातंत्र्य म्हणतात ते बहुधा हेच.

शल्यकाची पत्नी कुसुंबी जत्रेत मोरावळा विकत असे, आणि ठेचाही. दोन्ही एकसारख्याच चिनीमातीच्या बरण्यांत भरलेले असत. मागच्या जत्रेत तिच्याकडून एका भेकराच्या पाडसाला मोरावळा म्हणून ठेच्याची बरणी दिली गेली. भेकर एरवीही भुंकतेच. त्या दिवशी त्याला कारण मिळाले.

जत्रेतल्या जागा गजगौरी नावाची हत्तीण वाटून देई. तिने कुसुंबीला बोलावून घेतले.

“पुढच्या जत्रेला प्रत्येक बरणीवर नाव हवं, कुसुंबी. एक जरी बिननावाची दिसली, तर तुझी जागा अस्वलिणीला. ती नुसता मध विकते. मध चाटला की कळतो.”

कुसुंबीची जागा पाणवठ्याच्या अगदी तोंडाशी होती. पाण्याला येणारा प्रत्येक जीव तिच्यासमोरून जाई. ती जागा मिळण्याआधी तिने कित्येक जत्रा मुंग्यांच्या वारुळामागे बसून काढल्या होत्या. तिथे गिऱ्हाईक म्हणून फक्त मुंग्या येत, आणि त्या न विचारता घेऊन जात.

ती घरी आली आणि म्हणाली, “अहो, बरण्यांची लेबलं छापून द्याल का?”

शल्यकाच्या संगणकाला घरातल्या कोणी प्रथमच काम सांगितले होते. त्याचे सगळे काटे आनंदाने उभे राहिले.

“नुसती छापून देत नाही,” तो म्हणाला. “अशी व्यवस्था करतो, की यापुढे तुला कधी सांगावंच लागणार नाही.”

“सांगायला मला कुठे त्रास आहे? मोरावळा आणि ठेचा. झालं सांगून.”

“ते हाताने लिहिल्यासारखं झालं.”

“मग हातानेच लिहू का?”

शल्यक दुखावला. “अगं, आज हाताने लिहिलंस तर पुढच्या जत्रेलाही हातानेच लिहावं लागेल.”

“लिहीन की. पुढच्या जत्रेलाही मला हात असतील.”

शल्यकाने तिला वडाची शिकवण समजावून सांगितली. एका अवजाराने एकच काम करावे, पण ते चोख करावे. एक अवजार शब्द निवडते. दुसरे ते ओळीने लावते. तिसरे पुनरुक्ती काढून टाकते. पहिल्याच्या तोंडातून निघालेले दुसऱ्याच्या तोंडात जाते. मध्ये नळी असते.

“शी,” कुसुंबी म्हणाली.

मग शल्यक कामाला लागला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटू लागली. सगळी अवजारे नळ्यांनी जोडून त्याने एकच लांबलचक आज्ञा तयार केली. ती इतकी सुरेख जमली की त्याने कुसुंबीला चुलीपुढून उठवून आणले.

“यात मोरावळा कुठे आहे?” तिने विचारले.

“मोरावळा शेवटी येतो.”

त्याने कळ दाबली. पडद्यावर दोन ओळी आल्या. एकीवर ‘ठेचा’, दुसरीवर ‘मोरावळा’.

“दोनच?”

“पुनरुक्ती काढून टाकली ना.”

“अहो, फडताळभर बरण्या आहेत.”

शल्यकाने यावर शांतपणे विचार केला. “म्हणजे पुनरुक्ती तुझ्या गरजेतच आहे,” तो म्हणाला.

तो दोष त्याने दूर केला. मग प्रिंटर बोलेना. प्रिंटर सिंहाच्या कारखान्यात घडलेला होता आणि परक्या प्रणालीशी तोंड उघडायचे नाही, असे त्याच्यावर संस्कार होते. शल्यक वडाखाली गेला. समुदायाचे ज्येष्ठ सदस्य लोंबकळे गुरुजी तिथे लटकलेले होते. वडाची प्रणाली फांदीगणिक थोडी वेगळी असे.

“कोणत्या फांदीची प्रणाली बसवलीस?” गुरुजींनी विचारले.

“डावीकडच्या.”

“तिथेच चुकलास. उजवीकडची बसव.”

शल्यकाने घरी जाऊन सगळे पुसले आणि उजवीकडची बसवली. प्रिंटर गप्पच. तो पुन्हा वडाखाली आला.

“उजवीकडची?” गुरुजी म्हणाले. “कोणी सांगितली तुला?”

“आपणच.”

“मी सांगितली तेव्हा ती चांगली होती. आता पारंबीवरची बसव. आणि माहितीपुस्तिका वाचलीस का?”

“वाचली.”

“मग समजली नसेल. पुन्हा वाच. शिवाय मी म्हणतो, तुला कागदावर छापायचंय कशाला? आम्हाला कधी प्रिंटर लागला नाही.”

“बरण्यांना लेबलं लावायची आहेत, गुरुजी.”

“मग बरण्यांचाच मुळातून पुनर्विचार कर,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पंख मिटून घेतले.

असे करता करता जत्रेचा दिवस उजाडला. बरण्या बिळाच्या तोंडाशी ओळीने मांडलेल्या होत्या. एकीवरही नाव नव्हते. कुसुंबीने कोरे कागद कापून ठेवले होते. चिकटवायला शिजवलेली खळ थंड होऊन घट्ट होत चालली होती. अस्वलीण मधाची गाडगी घेऊन समोरून गेली.

“काही नाही, सहज,” ती म्हणाली. “पाणवठ्याजवळ ऊन कुठून येतं, ते बघायला चाललेय.”

कुसुंबी आत आली. “अहो, किती राहिलंय?”

“झालंच. प्रिंटर आता ओळखायला लागलाय.”

“तुम्हाला?”

“नाही. स्वतःला.”

“कागद बाहेर कधी येईल?”

“येण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.”

कुसुंबी काही वेळ त्याच्या पाठीकडे पाहत उभी राहिली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, “अहो, तुमच्या वडाची ती प्रतिज्ञा काय हो? एकदा सांगा ना.”

शल्यकाला गहिवरून आले. हे तिने लग्नानंतर प्रथमच विचारले होते. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “जे आहे ते सर्वांचं आहे. कोणीही घ्यावं. हव्या त्या कामाला वापरावं. हवा तो बदल करावा. आणि दुसऱ्यांनाही द्यावं.”

“विचारावं लागत नाही?”

“मुळीच नाही. परवानगी आधीच दिलेली असते. सौंदर्य आहे ते यातच.”

“बरं,” कुसुंबी म्हणाली, आणि तिने त्याच्या पाठीवरचा एक काटा उपटला.

मुलांनो, साळिंदर काटे फेकून मारतो, हा गैरसमज आहे. त्याचा काटा सहज निघतो, हे मात्र सर्वमान्य आहे. सहज कोणाला वाटते, हे मानणाऱ्यांनी स्पष्ट केलेले नाही. त्या क्षणी शल्यकाने आयुष्यातले पहिले निःसंदिग्ध विधान केले. ते येथे उद्धृत करणे उचित होणार नाही.

“काय झालं?” कुसुंबीने विचारले. “सर्वांचं आहे ना?”

शल्यकाने डोळे मिटून प्रतिज्ञा पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवली. स्वतःची पाठ वगळणारे कलम त्याला सापडेना.

“आहे,” तो म्हणाला.

कुसुंबीने काट्याचे टोक तिरके कापले. ते बिब्ब्याच्या रसात बुडवले. बिब्ब्याने लिहिलेले पाण्यानेही जात नाही. ती भराभर लिहू लागली. एक काटा बोथट झाला की दुसरा घेई. खळ वाळायच्या आत शेवटच्या बरणीलाही नाव मिळाले.

शल्यक वाकून पाहत होता. “अक्षरांची उंची एकसारखी वाटत नाही,” तो म्हणाला.

कुसुंबीने आणखी एक काटा घेतला. त्याची गरज नव्हती.

जत्रेत गजगौरीने सोंड फिरवून एकेक बरणी तपासली. मागच्या वेळचे भेकरही आले. त्याने लेबल दोनदा वाचले, झाकण उघडून हुंगले आणि मगच मोरावळा घेतला. अस्वलीण आपली गाडगी उचलून वारुळामागे गेली.

“जागा तुझीच,” गजगौरी म्हणाली. “पण लिहिलंस कशानं गं?”

“यांच्या काट्यानं. मुक्त आहे. कोणीही घ्यावा. विचारावंसुद्धा लागत नाही.”

मागे उभ्या असलेल्या शल्यकाने तोंड उघडले. सगळी जत्रा त्याच्याकडे पाहत होती. वडावरून समुदायही पाहत होता. त्याने तोंड मिटले.

सूर्य कलेपर्यंत जत्रेतल्या प्रत्येक दुकानावर नावाची पाटी लागली, मधावरसुद्धा. शल्यकाची पाठ सोललेल्या फणसासारखी दिसू लागली.

लोंबकळे गुरुजींनी मिटलेले पंख उघडले. “समुदायाला एवढं आजवर कोणी दिलं नव्हतं,” ते म्हणाले. ‘लेबललेखनाची मुक्त पद्धती’ या विषयावर वडाखाली व्याख्यान द्यायला त्यांनी शल्यकाला तिथल्या तिथे बोलावले. कुसुंबीला बोलावले नाही. तिने फक्त लेबले लिहिली होती.

शल्यक घरी आला तो हवेतच. पाठीला वारा झोंबत होता, पण मान ताठ होती.

“अगं,” तो म्हणाला, “प्रिंटर अजून बोलत नाहीये. माझं व्याख्यान तेवढं कागदावर लिहून देशील का?”

कुसुंबी रिकाम्या बरण्या धुऊन पालथ्या घालत होती. तिने त्याच्या पाठीवरून एकवार नजर फिरवली.

“देते की,” ती म्हणाली. “कशाने?”

तात्पर्य : आपल्याजवळ आहे ते सर्वांसाठी खुले करावे, यासारखे दुसरे पुण्य नाही. मात्र हे तत्त्व ज्याची पाठ मुळातच गुळगुळीत आहे, त्याच्याकडूनच शिकावे. ते त्याला अधिक स्पष्ट झालेले असते.