टोकनशिवाय गाडी हलणार नाही

“चार बत्तीसला सुटणार आणि चार एकोणचाळीसला थेट स्वयंपाकघरात! एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही!” असं छाती फुगवून सांगत चष्मेवाल्यांनी बायकोच्या हातातलं तिकीट अलगद काढून घेतलं.

चष्मेवाले म्हणजे बाजारात चष्म्यांचं दुकान असलेले एक अत्यंत सज्जन गृहस्थ. आठवड्याचे सहा दिवस ते लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत आणि रविवारी रेल्वे चालवत. रेल्वे खेळण्यातली होती, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती! पलंगाखाली मुख्य स्टेशन. तिथून रूळ भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या खोलीत येत, भिंतीत बसवलेल्या भल्यामोठ्या कपाटामागच्या बोगद्यात शिरत आणि स्वयंपाकघरात ओट्याशेजारी निघत. भिंतीला भोक पाडलं तेव्हा बायको आठवडाभर माहेरी गेली होती. आल्यावर ती भोकाकडे बघत जी उभी राहिली, ती चहा थंड होईपर्यंत उभीच होती.

बायको शाळेत शिक्षिका. दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली होती आणि सोमवारी सकाळी दहाला मुलाखत होती. वीस वर्षं ती या जागेची वाट बघत होती. तिकडची गाडी रविवारी संध्याकाळी पाच चाळीसची. दिवसातून एकच गाडी, आणि तिच्यात महिन्याभरापूर्वी कशीबशी मिळालेली एक जागा.

आदल्या दिवशी बॅग भरता भरता ती म्हणाली होती, “मी परत आले की हा पसारा आवरायचा. इतकी वर्षं झाली, या गाडीचा घराला काडीचा तरी उपयोग झालाय का?”

हे वाक्य चष्मेवाल्यांच्या जिव्हारी लागलं. उपयोग नाही? दाखवतोच उपयोग! म्हणून तर तिकीट गाडीने पाठवायचं ठरलं. तिकिटाची घडी घालून त्यांनी ती तिसऱ्या डब्यात ठेवली, शिटी फुंकली आणि बरोबर चार बत्तीसला गाडी सोडली.

चार एकोणचाळीस झाले. स्वयंपाकघरात गाडी आली नाही.

चार पंचेचाळीस झाले. बायको पदर खोचून ओट्यापाशी उभी. “अहो, तिकीट?”

“येतंय, येतंय! सिग्नलला थांबलीय गाडी!”

स्वयंपाकघरातल्या स्टेशनवर शिंपीबुवा स्टेशनमास्तर होते. चष्म्यांच्या दुकानाशेजारी त्यांचं शिलाईचं दुकान. डोक्यावर टोपी, पुढ्यात खटक्यांची पेटी, पेटीला कुलूप आणि कुलपाची किल्ली त्यांच्या गळ्यात. बोगद्यातला सिग्नल लाल असला की रुळाची वीजच बंद होई. गाडी कपाटामागे बरोबर मध्यावर अंधारात उभी होती.

“सिग्नल द्या की हो!” चष्मेवाले ओरडले.

“टोकन?” शिंपीबुवांनी हात पुढे केला.

टोकन म्हणजे एक पितळी कडं. बोगद्यापासून पुढे रूळ एकच. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ज्याच्या हातात कडं त्याचीच गाडी पुढे जाणार, असा नियम. गाडी एकच होती, ही गोष्ट वेगळी!

सगळ्यांनी गार्डाकडे बघितलं. गार्ड म्हणजे दातांचे डॉक्टर. कडं सांभाळणं त्यांचं काम. डॉक्टरांनी खिसे चाचपले, हिरवा झेंडा उलटा करून झटकला आणि मग त्यांचा चेहरा पडला.

“काळं पडलं होतं हो! म्हटलं, दातांना पॉलिश करतो त्या मशीनवर जरा चकचकीत करावं. दवाखान्यात राहिलं बहुतेक!”

“मग घेऊन या!”

“जायला यायला पाऊण तास!”

बायकोने घड्याळाकडे बघितलं. “भावजी,” ती शिंपीबुवांना म्हणाली, “ते बटण दाबा बरं.”

“वहिनी, उद्याच्या मुलाखतीचं ब्लाउज मीच शिवलंय ना? दोनदा उसवून शिवलंय! माझ्या मनात तुमचं वाईट असेल का? पण नियम चौदा!”

नियमांची वही चौसष्ट पानांची होती आणि ती स्वतः चष्मेवाल्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिली होती. नियम चौदा : ‘टोकनशिवाय गाडी हलणार नाही. कारण कितीही मोठं असो. हा नियम लिहिणाऱ्यालाही लागू.’ खाली तिघांच्या सह्या!

“अहो, मीच सांगतोय ना तुम्हाला!” चष्मेवाले काकुळतीला आले.

“गेल्या महिन्यात मी घसरलेला डबा फॉर्म न भरता हाताने उचलला, तेव्हा तुम्ही मला काय केलंत?”

चष्मेवाले चष्मा पुसू लागले.

“निलंबित केलंत! तीन रविवार बाल्कनीत बसवलंत! मी खिडकीतून माझं स्टेशन बघत बसायचो!” शिंपीबुवांनी गळ्यातली किल्ली घट्ट धरली. “आता मी नियम मोडायचा? नाव नको!”

बायकोने केरसुणी आणली, आडवी पडून कपाटामागे घातली. केरसुणी अर्ध्यातच संपली. तिला काठी बांधली. काठी गाडीपर्यंत पोचली आणि गाडी दोन बोटं मागे सरकली.

“अपघात! अपघात झाला!” डॉक्टर लाल झेंडा घेऊन धावत सुटले.

“अपघाताचा फॉर्म कुठाय?” शिंपीबुवा कागद चाळू लागले. “कारण काय लिहू? केरसुणी?”

“केरसुणी नको, ‘परकी वस्तू’ लिहा,” असं चष्मेवाले बोलून गेले आणि मग बायकोचा चेहरा दिसल्यावर त्यांनी जीभ चावली.

सव्वापाच वाजले. स्टेशन रिक्षाने वीस मिनिटांवर.  बायकोची वीस वर्षांची वाट आपण कपाटामागे अडकवून ठेवलीय, हे चष्मेवाल्यांना एकदम लख्ख दिसलं. त्यांनी कपाट ओढून बघितलं. कपाट भिंतीतलंच! हललं फक्त त्यांच्या कमरेतलं काहीतरी.

“ती वही इकडे द्या,” बायको म्हणाली.

शाळेत कॉपी पकडताना तिचा आवाज असाच येत असावा. चष्मेवाल्यांनी दोन्ही हातांनी वही पुढे केली. तिने चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि शांतपणे मोठ्याने वाचलं. “नियम एक. जागेच्या मालकाची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय ही रेल्वे सुरू होणार नाही.” तिने वर बघितलं. “हे घर कुणाच्या नावावर आहे?”

“तुझ्या,” चष्मेवाले पुटपुटले.

“मी लेखी परवानगी कधी दिली?”

डॉक्टर वाकून वहीत तिची सही शोधू लागले.

“म्हणजे ही रेल्वे अजून सुरूच झालेली नाही. जी रेल्वे नाही, तिला सिग्नल नाही, टोकन नाही. आणि भावजी, तुम्ही स्टेशनमास्तरही नाही.”

शिंपीबुवांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. नियम बिनतोड होता! त्यांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली, गळ्यातली किल्ली काढली आणि पेटी उघडून खटका दाबला. गाडी झुकझुक करत बाहेर आली. बायकोने तिसऱ्या डब्यातून तिकीट उचललं, बॅग उचलली आणि ती रिक्षा गाठायला धावली. गाडी मिळाली, अगदी सुटता सुटता!

घरात तिघे उरले.

“पाच पस्तीसची गाडी सोडायची का?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“कुठली गाडी? रेल्वेच नाही ना आपल्याकडे!” म्हणत चष्मेवाले मटकन खाली बसले. त्या संध्याकाळी तिघांनी मिळून परवानगीचा अर्ज लिहिला, तीन प्रतींत, आणि बायकोच्या टेबलावर नीट ठेवला.

सोमवारी दुपारी फोन आला. “अहो, निवड झाली माझी!”

चष्मेवाल्यांनी दुकानात उडीच मारली. गिऱ्हाईक बिचारं डोळ्यांवर एकच काच घेऊन बघत राहिलं. मग जरा घसा खाकरून त्यांनी विचारलं, “अगं, टेबलावर एक अर्ज ठेवलाय...”

“आल्यावर बघते. आधी उद्या संध्याकाळी मला घ्यायला स्टेशनवर या. सामान आहे.”

चष्मेवाले एक तास आधी स्टेशनवर हजर! इस्त्रीचा शर्ट, हातात फुलांचा गुच्छ. गाडी आली. आणि गाडीला इंजिन कुठलं म्हणता? आजवर त्यांनी फक्त फोटोत बघितलेलं! या मार्गावर ते कधी धावलंच नव्हतं! चष्मेवाल्यांचे पाय त्यांना न विचारता फलाटाच्या टोकाकडे धावले. त्यांनी नंबर लिहून घेतला, चाकं मोजली, वाकून खालूनही बघितलं. ड्रायव्हरने हसून हात केला तेव्हा त्यांना इतकं भरून आलं, की त्यांनी गुच्छ त्यालाच देऊन टाकला! मग शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ते हात हलवत उभे राहिले.

मागे वळले तर फलाट रिकामा.

घरी पोचले तेव्हा बायको दाराबाहेर दोन बॅगांवर बसली होती. घराची किल्ली नेहमीप्रमाणे त्यांच्याच खिशात होती.  दार उघडल्यावर ती आत गेली, टेबलावरचा अर्ज उचलला, पेन काढलं आणि लाल शाईत शेरा मारला :

‘अर्जदार गाडीच्या वेळी स्टेशनवर हजर होते. उपयोग काडीचा नाही. नापास. पुढच्या वर्षी पुन्हा बसावे.’