एकमताने आमेन

"बैठक साडेअकराला संपणार, आणि एकमताने संपणार," असं दादांनी सकाळी दाढी करता करता आरशाला बजावलं. आरशाने हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची पद्धतच दादांच्या संस्थेत नव्हती.

ही संस्था मुलांसाठी ख्रिस्ती शिबिरं भरवायची. दादा आणि वहिनी या नवरा-बायकोने एका रिकाम्या गोदामात पहिलं शिबिर भरवलं, आणि बघता बघता एकाची सहा झाली. एक डोंगरावर, एक नदीकाठी, अशी चहूकडे. तरी दर सुट्टीत जागा भरायच्या आणि बोचकी घेऊन आलेल्या मुलांना फाटकावरून परत धाडावं लागायचं. गेल्या सुट्टीत एक चिमुरडी उशी काखेत धरून फाटकाशी अशी रडली, की दादांना ती उशी अजून स्वप्नात दिसायची. म्हणून त्यांनी योजना आखली: आहे त्याच जागांवर नव्या इमारती बांधून सहाची बारा शिबिरं करायची. योजनेत रंगीत तक्ते होते, तक्त्यांत बाण होते, आणि झाडून सगळे बाण वर जात होते. योजनेला मंजुरी देणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते चर्चमधून निवृत्त झालेले पाळकसाहेब. त्यांची अट एकच, की सगळ्या शिबिरप्रमुखांचं एकमत हवं. एकाचंही मन खट्टू असलं तर योजना बासनात.

आणि इथेच तर सगळी गोम होती. ही मंडळी बैठकीत कधी कोणाला 'नाही' म्हणत नसत. सगळे भाऊ-बहीण, मग वाद कसला घालायचा? पण प्रार्थना सुरू झाली, डोळे मिटले, की ज्याच्या पोटात जे असेल ते तो देवाच्या कानावर घालायचा. जरा मोठ्यानेच, म्हणजे शेजारच्यालाही लाभ व्हावा. प्रार्थना चालू असताना कोणाला थांबवता येत नाही, आणि उठून जाणं तर त्याहून वाईट. गेल्या वर्षी गाद्या कापसाच्या घ्यायच्या की फोमच्या, हा प्रश्न असाच पाऊण तास देवापुढे पडून होता.

दादांनी यावर तोड काढली. सुरुवातीची प्रार्थना स्वतःच दोन वाक्यांत उरकायची, आणि शेवटच्या प्रार्थनेच्या जागी कार्यक्रमात 'सामूहिक छायाचित्र' घालून टाकायचं. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की नाश्त्याला दोनदा वाढून घेतलं.

बैठक लोण्यासारखी चालली. दादा एकेक तक्ता पडद्यावर दाखवत होते आणि मंडळी माना डोलवत होती.

"छान," डोंगरावरच्या शिबिराचे मामा म्हणाले.

"फारच छान," नदीकाठचं शिबिर सांभाळणारी ताई म्हणाली.

शेवटच्या पानावर पहिल्या शिबिराच्या जागेत संस्थेचं मुख्य कार्यालय होणार होतं, आणि ते शिबिर आजवर चालवणाऱ्या वहिनींना तिथे काचेची स्वतंत्र खोली मिळणार होती. हे दादांनी घरी सांगितलं नव्हतं. बायकोला एकदम खूश करायचं होतं. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं, मग दादांकडे पाहिलं.

"छान," त्या म्हणाल्या.

दादांना या 'छान'मध्ये काहीतरी खटकलं. पण घड्याळात सव्वाअकरा वाजले होते, आणि खटकलेल्या गोष्टीत शिरायला वेळ नव्हता.

"चला, फोटो काढू या," ते म्हणाले.

"थांबा थांबा," पाळकसाहेब म्हणाले. "एवढा मोठा निर्णय, आणि प्रार्थना न करताच उठायचं? एकेकाने करा. थोडक्यात."

"पण फोटो..."

"फोटो कुठे पळून जातोय?"

झालं. सगळ्यांचे डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," मामांनी सुरुवात केली, "या सुंदर योजनेबद्दल तुझे उपकार मानतो. डोंगरावर आता दुप्पट मुलं येणार म्हणतात. प्रभू, आमच्या विहिरीला ऐन सुट्टीत तळ दिसतो, हे तू जाणतोस. तू पाण्याचा द्राक्षारस केलास. पण तेव्हा निदान पाणी तरी होतं."

लगेच ताईने धागा उचलला. "प्रभू, त्या भावाकडे पाणी नाही आणि आमच्याकडे ते थेट खाटांखाली येतं. तिथेच दुसरी इमारत बांधायचा नकाशा ज्या कोणी काढला असेल, त्याला एकदा पावसाळ्यात आमच्याकडे मुक्कामाला धाड."

नकाशा कोणी काढला हे देवालाच काय, खोलीतल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं. दादांना राहवेना.

"प्रभू," ते घाईघाईने म्हणाले, "ज्यांच्या मनात शंका आहेत त्यांनी तक्ता क्रमांक चार नीट पाहिलेला नाही. त्याखाली तळटीप आहे."

कागदांची सळसळ झाली. कोणीतरी एक डोळा किलकिला केला असणार.

"प्रभू, तळटीप सापडली," मामा म्हणाले. "तीत 'पाण्याची सोय नंतर' असं लिहिलंय."

"प्रभू, आम्हाला थोडक्यात बोलण्याची कृपा दे," पाळकसाहेबांनी मध्येच विनवलं. ती विनंती काही कोणी मनावर घेतली नाही. मग वहिनींचा आवाज आला.

"प्रभू, काचेची खोली छान आहे. पण तिच्यात मी एकटी बसून करू काय? तिथे ना मुलांचा गोंधळ, ना चिखलाचे बूट. मला आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि हे ओळखूनच विचारलं नसेल, एवढं मी माझ्या माणसाला ओळखते. फाटकावरून परत गेली ती पोरं माझीही आहेत, प्रभू. मलाही झोप येत नाही. पण नव्या इमारती कशाला? आहेत त्या सहा इमारती सुट्टी सरली की कुलपात असतात. शनिवार-रविवार आहेत, शाळांच्या सुट्ट्या मागेपुढे असतात. एका तुकडीऐवजी तीन घेऊ. डोंगरावर पावसाळा सरल्यावर, विहीर भरलेली असते तेव्हा. नदीकाठी उन्हाळ्यात, खाटा कोरड्या असतात तेव्हा. आणि मला माझ्या शिबिरातच राहू दे. येशूच्या नावाने मागते."

"आमेन!" सगळी खोली दणाणली. मामा म्हणाले, ताई म्हणाली, आणि खणखणीत आवाजात दादाही म्हणाले. लहानपणापासूनची सवय! 'येशूच्या नावाने' कानावर पडलं की तोंड आपोआप उघडायचं.

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. "वा. एकमत. दादांचा आवाज तर मी स्वतः ऐकला. वहिनींची योजना समितीपुढे ठेवतो."

फोटो निघाला. त्यात सगळे हसताहेत, आणि दादा तक्ता क्रमांक चार छातीशी धरून उभे आहेत.

बाकीचे जेवायला गेले तसे दादा वहिनींना व्हरांड्यात गाठायला धावले. बायकोला न विचारता तिची खोली ठरवली याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटत होतं. मुलं परत जाणार नव्हती, आणि ते सुद्धा एक वीट न रचता.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "पण अगं, इतकी साधी गोष्ट, मला आधी सांगायचीस तरी."

"सांगितली की. रोज झोपायच्या आधी, तुमच्या शेजारी गुडघे टेकून, मोठ्याने."

"मग? मी काय म्हणालो?"

"आमेन म्हणालात," वहिनी म्हणाल्या, "आणि घोरायला लागलात."