आप्पांची प्रतवारी

आप्पा गावडे माणसाचं तोंड बघत नाहीत, मान बघतात. मंचरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कांद्याची मान वाळलेली असली तर माल टिकतो, ओली असली तर सडतो, हे त्यांनी इतकी वर्षं बघितलं की पुढे तोच नियम ते माणसांनाही लावायला लागले. माझ्या मेव्हण्याशी त्यांची ओळख करून दिली, तेव्हा त्याच्या कॉलरपाशी क्षणभर बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. "गोळा हाय, पण मान ओली हाय. जपून." मेव्हणा आणि मी मिळून त्याच आठवड्यात रोपवाटिका काढणार होतो. काढलीही. ती कशी बसली हे सांगत नाही, पण तेव्हापासून मी आप्पांसमोर उन्हाळ्यातही मफलर गुंडाळून जातो.

मोठा, भरलेला माल म्हणजे गोळा. बारका म्हणजे गोल्टी. डागी, सडका म्हणजे बदला. जगातल्या सगळ्या गोष्टी आप्पांच्या मते या तीन ढिगांत बसतात. नवा बायपास गोळा. टीव्हीवरची चर्चा बदला. माझी बायको सुनंदा गोळा, तीही डबल पत्तीची, म्हणजे वरून कितीही घासलं तरी आतला कांदा शाबूत. मी गोल्टी. हे त्यांनी मला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, केक खाताखाता सांगितलं.

त्यात आवाज असा की आप्पा शेजारी त्यांच्या ओट्यावर "चहा टाक" म्हणाले की आमच्या स्वयंपाकघरात सुनंदा पातेलं उचलायची. आता म्हणत नाहीत. टाकणारी काकी, त्यांची बायको, दोन वर्षांपूर्वी गेली.

तर हे आप्पा माझ्या ब्लॉगचे समीक्षक कसे झाले, त्याची ही गोष्ट.

मी शाळेत क्लार्क आहे. आमच्याकडे क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे माणसाला उगाच वाटायला लागतं की आपल्याला काही मतं असायला हवीत. त्या भरात मी मागे एक ब्लॉग सुरू केला होता. मग "काही दिवस लिहिता येणार नाही, वाचकांनी समजून घ्यावं" अशी नोंद टाकून थांबलो. ते काही दिवस सहा वर्षं चालले. वाचकांनी फारच समजून घेतलं. एकानेही विचारलं नाही.

यंदा मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि घरात माझं ऐकून घेणारं कुणी उरलं नाही. सुनंदा ऐकते, पण मधेच मिक्सर लावते. म्हणून ब्लॉग पुन्हा उघडला. पहिलाच लेख दणक्यात लिहिला. त्यात उसातले बिबटे, निवडणुका, मुलांचे निबंध लिहून देणारा कॉम्प्युटर, असं सगळं चालू जग एका दमात घेतलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा दारात. हातात माझ्या लेखाची छापील प्रत, स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेली.

"भाऊसाहेब, बदला हाय."

"का हो?"

"बिबट्याचं टीव्ही सांगतोय की. तुमच्या घरचं कुठंय ह्यात? गल्लीतलं कुठंय? आमच्या दारचा शेवगा शेंगांनी वाकलाय, ते न्हाई टाकलं."

मी हसून सोडून दिलं. पण पुढच्या सोमवारी ते परत आले, त्याच्या पुढच्या सोमवारीही आले. दर वेळी दोन-तीन बातम्या घेऊन. कालवड व्याली, टाका. वरच्या खोलीचं पत्रं बदललं, टाका. मी आपला तात्त्विक लेखाच्या शेवटी "आमच्या शेजारच्या आप्पांकडे शेवग्याला शेंगा आल्या आहेत" असं एखादं वाक्य चिकटवून द्यायचो. त्यांनी आग्रह इतका धरला होता की सुनंदा म्हणाली, "या वयात नाव छापून यायची हौस आलीय त्यांना. येऊ द्या. तुम्हाला नाही का आली?"

याच सुमाराला मला एक शोध लागला. ब्लॉग कोणी कुठून वाचला, ते ब्लॉगच सांगतो. मंचर, मंचर, मंचर (हा मीच), पुणे (मुलगा, मी फोन करून सांगितल्यावर) आणि फिनलंड. दर लेखाला फिनलंड. मी सुनंदाला बोलावून दाखवलं.

"चुकून दाबलं असेल कुणीतरी," ती म्हणाली.

"दर आठवड्याला चुकून?"

"तुम्ही दर आठवड्याला लिहिताच ना?"

पण माझी मान ताठ झाली. मफलरसकट. आता मी फिनलंडसाठी लिहायला लागलो. युरोपातली थंडी, जगातला तणाव आणि आपण, असा एक लेख पाडला. 'आपण' म्हणजे कोण हे मलाही नक्की माहीत नव्हतं. त्या भारदस्त मजकुरात आप्पांची त्या आठवड्याची बातमी काही बसेना. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू काढला. मी ती गाळली.

आप्पा आले ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. हातातला कागद दुसऱ्या डोळ्याजवळ धरून त्यांनी तो वरून खाली आणि खालून वर बघितला.

"डोळ्याचं न्हाई टाकलं?"

"आप्पा, विषय वेगळा होता."

"येक ओळ तर व्हती."

आता मी जे बोललो ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मी म्हणालो, "आप्पा, हा माझा ब्लॉग आहे. तुमच्या घरच्या बातम्यांचा फळा नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि गेले. प्रतवारीही केली नाही.

पुढचे दोन सोमवार आप्पा आले नाहीत. मीही रागाने काही लिहिलं नाही. तिसऱ्या रविवारी सुनंदाने डब्यात शिरा भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "डोळ्याचं विचारून या. आणि तोंड सांभाळा."

मी पोचलो आणि आप्पांचा फोन वाजला. आप्पा खाटेवरून ताडकन उभे राहिले. फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि समोर दोनशे गोण्या आणि चाळीस व्यापारी असल्यासारखा आवाज लावला.

"हां. बरंय. जेवलो. तू जेवली? बरं. हां. ठेव."

आणि ठेवला. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. कपाळावर घाम आला होता.

"वैशू," ते म्हणाले. वैशाली, त्यांची एकुलती एक मुलगी.

"जर्मनीहून?"

"जर्मनी सुटून वरीस झालं. फिनलंडला असती आता."

मी शिऱ्याचा डबा खाली ठेवला. गल्लीत सगळे ती "तिकडं" असते म्हणतात. तिकडं म्हणजे कुठं, हे मी शेजारी असून वर्षभर विचारलं नव्हतं.

"लेख तिला तुम्ही पाठवता?"

"झेरॉक्सवाला पाठवितो. पयला तिला, मग मला छापून देतो." आप्पा खाटेच्या कडेवर बसले. "काकी व्हती तवा ती बोलायची वैशूसंगं. तास-तास. भाजी काय केली, कुणाचं काय झालं. मी आपला बाजूला बसून दोघींचं ऐकायचो. आता वैशू फोन करती दर रविवारी. पण मला न्हाई जमत, भाऊसाहेब. तोंड उघडलं की पुकाराच निघतो. ती घाबरून 'आप्पा, बरं हाय ना' म्हनती, मी 'बरंय' म्हनतो, झालं."

"ऑपरेशनचं सांगितलं तिला?"

"फोनवर कसं सांगनार? मी 'डोळा' म्हनायच्या आत ती इमानात बसंल. नवी नोकरी हाय तिची." मग त्यांनी तळहातावर तळहात ठेवून, मध्ये काहीतरी सरकवल्यासारखं केलं. "तुमच्या लेखात कसं, शेवगा, मग मधी डोळा, मग कालवड. असं मधी घालून दिलं की कळतं बी, आन घाबरत बी न्हाई. काकी असंच सांगायची."

बोलायला माझ्याकडे युरोपातल्या थंडीशिवाय काही नव्हतं.

घरी येऊन लिहायला बसलो. आयुष्यात इतकी साधी नोंद लिहायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. शेवग्याच्या शेंगा सुनंदाने आमटीत घातल्या, त्या गोड निघाल्या. आप्पांचा मोतीबिंदू काढला, डॉक्टर म्हणाले छान झालं, आता ते लांबूनसुद्धा माझी चूक ओळखतात. कालवडीची पाडी पांढऱ्या कपाळाची आहे आणि तिला अजून नाव ठेवलेलं नाही. बस. जगाचा तणाव मी जगाकडेच राहू दिला.

बुधवारी शाळेतून आलो तर लेखाखाली एक प्रतिक्रिया आली होती. ब्लॉगच्या इतिहासातली पहिली. फोन घेऊन तसाच आप्पांकडे गेलो. पट्टी निघाली होती, पण अक्षर बारीक, म्हणून मी वाचून दाखवायला लागलो.

"काका, वाचून बरं वाटलं. इकडे बर्फ वितळायला लागलाय. खिडकीला नवे पडदे लावले, पिवळे. मागच्या महिन्यात घसरून हाताला प्लॅस्टर होतं, ते परवा निघालं. काल पुरणपोळी केली, तिसरी जरा जमली. पाडीचं नाव तुम्ही नाही, आप्पांनी ठेवायचं."

आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला, डोळ्याच्या अगदी जवळ धरला आणि मधल्या ओळीवर बोट ठेवलं.

"प्लॅस्टर," ते म्हणाले.

"निघालंय, आप्पा. परवा निघालं म्हणतेय."

"म्हैनाभर व्हतं." बोट तिथून हलेना. "चार रविवार बोलली माझ्यासंगं. येका हातानं फोन धरून."

मग त्यांनी विचारलं, "तिकडं आत्ता किती वाजलं असतील?"

"दुपार असेल. कामावर असेल ती."

"आज रविवार न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले, आणि स्वतःचा फोन काढला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. आप्पा बसूनच होते. पलीकडून घाईघाईचा, दचकलेला आवाज आला, "आप्पा? काय झालं?"

"काय न्हाई झालं," आप्पा म्हणाले. इतक्या हळू, की निघायला उठलेला मी दारातच थांबलो. हा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. "वैशू, कंचा हात गं?"