रंगसंगतीत न बसणारी वस्तू

"पाहुण्यांनी उंबऱ्यात पाऊल टाकले की त्यांची वाचाच बसली पाहिजे!" अशी प्रतिज्ञा सरांनी केली आणि ती तंतोतंत खरी झाली. ज्यांची वाचा बसली त्यांत स्वतः सर अग्रभागी होते, एवढाच काय तो फरक!

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सेवा संपली तरी घरातील खुर्च्यांनाही ते वर्गातील मुलांप्रमाणे शिस्तीत ओळीने बसवीत. त्यांच्या कन्येचे लग्न तिच्याच पसंतीने जुळत आले होते, आणि मुलाचे आईवडील होकार देण्यापूर्वी एकदा घर पाहावे म्हणून येणार होते. वडील दंतवैद्य, स्वभावाने जितके मृदू, देहाने तितकेच भरभक्कम. आई कलामहाविद्यालयात चित्रकला शिकवी, आणि माणसाची पारख ती त्याच्या घराच्या भिंतींवरून करते असा तिचा लौकिक होता.

"बाबा, चहा द्या, चार गोष्टी बोला," कन्येने बजावले. "त्याच्या आई चित्रकार आहेत, त्यांच्यापुढे व्याख्यान नको हं!"

सरांच्या कानांनी त्यातून एवढेच घेतले, की होणाऱ्या विहीणबाई चित्रकार आहेत. ते तडक बाजारात गेले आणि एका उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्राची भली मोठी छापील प्रत चौकटीसह घेऊन आले. हा शब्द सर एका दमात उच्चारीत. ऐकणाऱ्याला मात्र मध्येच दम लागे. अर्थ एवढाच, की पोस्ट-इम्प्रेशनिस्ट. चित्र तसे साधेच. सामान्य घरातील एक खोली, खिडकीतून झिरपणारा उजेड, मेजावर दिवा आणि कोपऱ्यात शिवत बसलेली एक स्त्री. तिच्या झग्यावर जी तपकिरी-हिरवी फुले, तीच मागच्या भिंतीवर! स्त्री कोठे संपते आणि भिंत कोठे सुरू होते, हे दृष्टीला उमगू नये अशी चित्रकाराची योजना.

"यात बाई कुठंय?" सरांच्या पत्नीने विचारले.

"अगं, तेच तर मर्म! हे अद्वैत आहे, अद्वैत! गृह आणि गृहिणी एकरूप!"

"म्हणजे घरात राबून राबून बाईची भिंत झाली. ते मला ठाऊक आहे हो, त्याला चित्र कशाला?"

परंतु सरांचा निश्चय झाला होता. तशाच फुलांच्या कापडाचा एक तागाच त्यांनी आणविला. पडदे त्याचे, सोफ्याची खोळ त्याची, उशांचे अभ्रे त्याचे. कोपऱ्यातील आरामखुर्ची मढली, तिच्यामागची भिंतही मढली. काम आटोपून निघताना शिंपी म्हणाला, "सर, उरलेलं कापड आक्काबाईंनी नेलंय बरं का."

"नेऊ दे. पायपुसणी शिवत बसेल."

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. साऱ्या शाळेला धाकात ठेवलेल्या या पुरुषाला 'गुंड्या' म्हणून हाक मारण्याचा अधिकार भूतलावर त्यांना एकट्यांनाच होता, आणि तो त्या चारचौघांत आवर्जून बजावीत. अंगात बारमाही एक नारिंगी स्वेटर. त्या अंगणात आल्या की जणू दुसरा सूर्योदय होई!

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सरांनी त्यांना बाजूला घेतले. "आक्का, राग मानू नकोस. पाहुणे असेपर्यंत तू आतल्या खोलीत बस. तुझा हा स्वेटर इथल्या रंगसंगतीत बसत नाही."

"स्वेटर बसत नाही की मी?"

"स्वेटरच गं! पण तो तुझ्या अंगावर आहे ना!"

आक्का एकही शब्द न बोलता आत गेल्या. सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वास्तविक इतक्या मोठ्या अपशकुनाने त्यांना घाम फुटायला हवा होता.

दुपारी पत्नी धावत दिवाणखान्यात आली. "अहो, घात झाला! आक्का आत नाहीत. स्वेटर नुसता खाटेवर पडलाय!"

सर आक्कांना शोधायला उठले. पण पाहुण्यांची वेळ होत आली होती. "गेली असेल रुसून एखाद्या मैत्रिणीकडे. आणि खरं सांगू? बरंच झालं! या खोलीत न शोभणारी एकच वस्तू होती, ती आपल्या पायांनी चालती झाली!"

"हळू बोला. भिंतींना कान असतात."

"आपल्या भिंतीला फुलं आहेत, कान नाहीत!"

आपल्या या कोटीवर सर स्वतःच प्रसन्न झाले, आणि तोच घंटी वाजली.

विहीणबाई आत आल्या आणि खरोखरच थबकल्या. एकदा चित्राकडे, एकदा खोलीकडे पाहून उद्गारल्या, "अहो, हे तर चित्रातच शिरल्यासारखं वाटतंय!"

एवढे प्रोत्साहन सरांना पुरेसे होते. कन्या डोळ्यांनी विनवीत राहिली आणि सर अद्वैतावरून आकारावर, आकारावरून अवकाशावर गेले. दंतवैद्य बिचारे हातात चहाचा भरला कप घेऊन उभ्याउभ्याच ऐकत होते.

"आणि आत्याबाई कुठे आहेत?" विहीणबाईंनी मध्येच विचारले. "आमचा मुलगा सारखा त्यांचंच कौतुक करतो. मी तर मुख्यतः त्यांनाच भेटायला आले."

सर चाचरले. "ती... हवापालटाला गेली आहे. प्रकृती अगदी तोळामासा. हल्ली बोलणंसुद्धा बंदच आहे म्हणा ना!"

"बाबा?" कन्या किंचाळायचीच बाकी राहिली.

इकडे दंतवैद्यांचे पाय भरून आले होते. ते कोपऱ्यातील आरामखुर्चीकडे सरकले, पाठमोरे झाले आणि सारा भार सोडून मोठ्या समाधानाने बसले.

आणि खुर्ची बोलली!

"अगं आई गं! ऊठ रे मेल्या! चेंदा केलास की माझा!"

दंतवैद्य चेंडूसारखे उसळले. कप त्यांच्याही वर उसळला आणि त्यातील चहा सरांच्या पांढऱ्या शुभ्र सदऱ्यावर येऊन विसावला. ओरडण्याचेही भान सरांना उरले नाही. कारण समोर भिंतीतील फुले हलत होती! फुलांना हात फुटले. फुलांनी तोंडावर ओढलेला फुलांचाच रुमाल मागे सारला आणि त्यातून आक्का प्रकट झाल्या, आपादमस्तक त्याच कापडाच्या गाऊनमध्ये!

सर्वांची तोंडे आ वासलेली. क्षणभर दंतवैद्यांनाही आपण दवाखान्यात आहोत की काय असे वाटले असावे. गोंधळून ते सवयीने म्हणाले, "क्षमा करा... आपली उजवीकडची दाढ हलतेय."

"तुम्ही बसलात म्हणून हलली! सकाळपर्यंत घट्ट होती!"

मग आक्का भावाकडे वळल्या. "काय रे गुंड्या, बोलणं बंद आहे ना माझं? पाहुण्यांची वाट पाहता पाहता डोळा लागला, तो तुझ्याच आवाजाने उघडला. म्हटलं, वस्तूच आहोत तर गप्प पडून राहू, भाऊ आणखी काय काय म्हणतो ते ऐकू." त्यांनी गाऊनची फुले चाचपली. "अरे, तुझ्या रंगात बसावं म्हणूनच हा गाऊन शिवून घेतला. पोरीच्या अशा दिवशी आत बसून राहायचं माझ्या जिवावर आलं होतं रे."

सरांची मान खाली गेली. कन्येने आत्याला घट्ट मिठी मारली. विहीणबाई निश्चल उभ्या होत्या. आता लग्न मोडते, हे सरांना उघड दिसले.

"होकार द्यायला मला एक अडचण आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

सर हात जोडून पुढे झाले.

"आधी मला या कोपऱ्याचं चित्र काढू द्या. होकार नंतर सावकाश देते!" पिशवीतून कागद-पेन्सिल काढून त्यांनी बैठक मारलीसुद्धा. "आत्याबाई, तशाच बसा. वा! या खोलीत खरी चित्रातली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे तुम्ही! सर, तुम्ही जरा आत जाता का? तुमचा सदरा फार डोळ्यांत खुपतोय."

सर निमूटपणे आतल्या खोलीत गेले. ओला सदरा त्यांनी काढून टाकला. कपड्यांचे कपाट दिवाणखान्याच्या पलीकडे. मधून उघड्या अंगाने जाणार कसे? थंडी वाजू लागली. शेवटी खाटेवर जे पडले होते, तेच त्यांनी अंगात चढविले आणि दार हळूच किलकिले करून बाहेर डोकावले.

"गुंड्या!" कोपऱ्यातील फुले गरजली. "आतच बस हो! तो स्वेटर रंगसंगतीत बसत नाही!"