धोंडीरामची मांडणी

सकाळी दात घासायचे तर आमच्या खोलीत आधी बादली सोडावी लागायची. म्हणजे तिच्या तोंडावर बांधलेला टॉवेल सोडायचा. आत तांब्या, तांब्यात पेला, पेल्यात तिघांचे ब्रश आणि ब्रशांच्या फटीत साबणाची वडी. त्यामुळं कॉलेजचा पहिला तास संपेपर्यंत तोंडाला साबणाची चव असायची. तक्रार केली की धोंडीराम शांतपणे म्हणायचा, "जागा लई हाय गड्या. मांडणी नाय."

औरंगाबादच्या कॉलेजात आम्ही शिकत होतो तेव्हाची ही गोष्ट. मी फुलंब्रीचा. खरं तर घरून रोज जाऊन-येऊन करता आलं असतं, पण घरी राहिलेलं पोरगं शिकत नाही, बैलांच्या मागं जातं, असं वडिलांचं ठाम मत होतं. रज्जाक परभणीकडचा. त्याच्या अब्बांचं कापडाचं दुकान, त्यामुळं दर मोसमाचे कपडे वेगळे. तिसरा धोंडीराम. उंच, काटकुळा, बोलायला कमी. होस्टेलची खोली दोघांची आणि राहणार आम्ही तिघं. कॉटांच्या मधून जायचं तर अंग तिरकं करून जावं लागायचं.

पहिल्याच आठवड्यात धोंडीरामनं खोलीचा ताबा घेतला. होस्टेलच्या मागं पडलेल्या विटा आणून त्यानं तिन्ही कॉट उंच केले आणि ट्रंका खाली ढकलल्या. छताला पंखा नव्हता, नुसती कडी होती. तिला सुंभाची दोरी बांधून रजयांचं गठुडं वर चढवलं. छत्र्यांच्या पोटात पट्ट्या आणि नकाशे गेले, बुटांत वाट्या गेल्या. आम्ही कॉलेजातून यायचो तेव्हा आमची एखादी वस्तू जागेवर नसायची आणि ती शोधायची सोय नसायची.

"मियाँ, मेरा एक मोजा कल से गायब है," एकदा रज्जाक म्हणाला.

"गायब नाय. कामावर हाय," धोंडीराम म्हणाला. मोजा शाईच्या दौतीला घातला होता. दौत फुटू नये म्हणून.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो रेक्टर सरांमुळं. खोलीत विजेची शेगडी ठेवायला सक्त मनाई होती आणि आमच्याकडं ती होती. रज्जाकच्या उशीच्या अभ्र्यात, त्याच्या दोन पायजम्यांच्या मधे. एका रविवारी सर तपासणीला आले. दारात उभं राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. जमीन मोकळी, भिंती मोकळ्या, टेबलावर फक्त एक पुस्तक.

"तुमचं सामान कुठंय?" सरांनी विचारलं.

"हे काय सर, हितंच हाय," धोंडीराम म्हणाला.

सर बराच वेळ विचार करत उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता शाबासकी मिळणार. दुसऱ्या दिवशी शिपाई चौथा कॉट घेऊन आला. त्याच्यामागं बीडकडचा देशमुख आला, आणि देशमुखाच्या मागं त्याची सायकल. सायकल बाहेर ठेवायला तो तयार नव्हता.

रज्जाकनं धोंडीरामशी बोलणं टाकलं. "और जमाओ. कल रेक्टर साब अपनी सास को भी भेजेंगे," एवढं मात्र मला ऐकवलं. धोंडीरामला त्याचं काही नव्हतं. तो देशमुखाच्या सायकलीभोवती हौसेनं फिरत होता. संध्याकाळपर्यंत रजयांचं गठुडं खिडकीच्या वर गेलं आणि सायकल छताच्या कडीला लटकली, नेमकी देशमुखाच्या कॉटवर. खिडकीतून वारं आलं की पुढचं चाक हळूच फिरायचं. पडल्या पडल्या देशमुख त्याच्याकडं बघत राहायचा आणि झोप लागेपर्यंत रामरक्षा म्हणायचा.

"हे सगळं शिकलास कुठं?" मी एकदा विचारलं.

"शिकायचं काय त्यात? आमचं घर घोड्यावर असतंय."

तेव्हा कळलं की तो धनगराच्या घरचा. दिवाळीच्या सुमारापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत घरची माणसं मेंढरं घेऊन चालत राहायची. ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची त्याच्या शेतात मुक्काम. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं एका घोड्यावर. धोंडीराम मात्र लहानपणीच आश्रमशाळेत गेला होता आणि सुट्टीपुरताच त्या घोड्यामागं चालला होता.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा त्याचा भाव एकदम वाढला. चार बॅगांचं सामान तो दोन बॅगांत बसवतो हे होस्टेलभर झालं होतं. पोरं दाराशी रांग लावून उभी. रज्जाकची बॅगसुद्धा त्यानं बांधली आणि दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. दुपारपर्यंत होस्टेल रिकामं झालं. त्याची स्वतःची पिशवी मात्र खुंटीला तशीच होती.

"तू कधी निघतोस?" मी विचारलं.

"निघायचंय. पण कुठं, ते अजून कळालं नाय."

पैठण रस्त्याच्या नाक्यावर एक चहावाला होता. वाडा, म्हणजे मेंढरांसकट त्यांचं बिऱ्हाड, कोणत्या अंगाला आहे ते घरची माणसं त्याच्याजवळ सांगून ठेवायची. यंदा त्याची टपरीच बंद होती आणि निरोप नव्हता. धोंडीराम तिथं आठवडाभर चकरा मारत होता आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नव्हता.

देशमुख सायकल ठेवून गेला होता. ती आम्ही खाली उतरवली आणि डबलसीट निघालो. चितेगावपर्यंत दिसेल त्याला विचारत गेलो. कुणी म्हणालं, कालच गेले. कुणी म्हणालं, यंदा आलेच नाहीत. धोंडीराम पुढं नळीवर बसला होता. मागं वळून न बघता म्हणाला, "चल माघारी. तुला घरी जायचंय." मी सायकल चालवत राहिलो.

चितेगावच्या पुढं बाजरी काढून झालेल्या एका रानात मेंढरं दिसली. बाजूला घोडा उभा. त्याच्यावर सगळं लादून झालं होतं आणि धोंडीरामचे वडील शेवटची दोरी आवळत होते. आम्हाला बघून त्यांनी फक्त मान हलवली. "पुढच्या रानात बोलणं झालंय. निघतच व्हतो," ते म्हणाले. चहावाला आजारी पडून गावी गेला होता आणि निरोप त्याच्याबरोबरच राहिला होता.

आई पुढं आली. तिनं धोंडीरामच्या तोंडावरून हात फिरवला, मग खांदे चाचपले. तशीच ती घोड्याकडं गेली आणि वडिलांनी आवळलेली दोरी सोडायला लागली.

"अगं, निघायचंय न्हवं?" वडील म्हणाले.

"आज नाय निघायचं."

भांडी उतरली, कोंबड्या उतरल्या, चूल मांडली. पिठलं-भाकरी खाऊन धोंडीराम बाभळीखाली घोंगडीवर आडवा झाला आणि बघता बघता झोपला. हात दोन्हीकडं फेकलेले, पाय घोंगडीच्या बाहेर मातीत, तोंड उघडं. मी बघतच राहिलो. खोलीत तो भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा. अर्धा कॉट रिकामा राहायचा.

आई त्याच्या उशाशी बसून माश्या हाकत होती.

"तकडं बी असाच झोपतोय का रं?" तिनं मला विचारलं.

"व्हय, असाच," मी म्हणालो.