यादीत नसलेला बांध

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. आता जंगलात विद्यापीठ कशाला, असं विचारू नका बाळांनो. तो प्रश्न गावातसुद्धा कुणी विचारत नाही.

झालं असं, की फार वर्षांपूर्वी एक साहेब त्या जंगलात शिकारीला आला. शिकार काही मिळाली नाही, पण जाताना तो एक पुस्तक विसरून गेला. पुस्तक इंग्रजी होतं आणि त्यात नुसत्या जोड्या होत्या. विद्वानांनी लिहायला बसावं, तर कोणत्या नामाचा संसार कोणत्या क्रियापदाशी मांडून द्यायचा, त्याची यादी. रिसर्च नुसता 'डू' करायचा नाही, 'कंडक्ट' करायचा. कन्क्लुजन 'ड्रॉ' करायचं. क्वेश्चन 'रेझ' करायचा. साधं लक्ष द्यायचं असेल, तरी अटेन्शन 'पे' करायचं.

ते पुस्तक धनेश पक्ष्याच्या हाती लागलं. धनेशाची चोच मोठी आणि आवाज त्याहून मोठा. त्यामुळे महिन्याभरात तो कुलगुरू झाला. मग काय विचारता! पोरं पाढे सोडून जोड्या पाठ करू लागली. हरणं चरताना जोड्या पुटपुटायची. एका माकडाने 'रिसर्च'पुढे चुकून 'मेक' लावलं, तर आठ दिवस त्याच्या फांदीवर कुणी गेलं नाही.

वाघमहाराजांनी तर फर्मानच काढलं. "यापुढे तोंडी गाऱ्हाणं बंद. ज्याला जे सांगायचं असेल, त्याने विद्यापीठाच्या शिक्क्याचा इंग्रजी निबंध आणावा."

महाराजांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणूनच त्यांचा त्या भाषेवर फार विश्वास होता.

त्या जंगलात एक मोठं तळं होतं. तळ्याला मातीचा जुना बांध होता, आणि बांधाच्या पायथ्याशी बीळ करून गिरजाक्का नावाची पाणमांजर राहायची. तिला तीन पिल्लं. थोरली पिटकी तेवढी चुरूचुरू बोलायची. धाकट्या दोघांना अजून धड पोहताही येत नव्हतं.

एक दिवस गिरजाक्का बांधाला धरून पोहत होती. पाहते तर काय, घुशींनी बांध आतून पोखरून काढलेला! बाहेरच्या अंगाला आली, तर मातीतून सुतासारखी पाण्याची धार लागलेली.

उपाय सोपा होता. तळ्याच्या सांडव्यावर एक शिळा होती. रानगव्यांनी ती बाजूला सारली, की तळ्यातलं पाणी हळूहळू ओढ्याला लागलं असतं. गिरजाक्का धावत गव्यांकडे गेली.

"दादांनो, शिळा सारा. बांध जातोय!"

"सारतो की," गवे म्हणाले. "महाराजांचा हुकूम आण."

महाराज म्हणाले, "निबंध आण."

गिरजाक्काने रात्रीचा दिवस करून निबंध लिहिला. तो असा होता : 'आय सॉ होल्स. रॅट्स मेड होल्स. डॅम विल ब्रेक. प्लीज कम.'

धनेश सरांनी तो एका डोळ्याने वाचला. मग मान तिरकी करून दुसऱ्या डोळ्याने वाचला.

"गिरजाबाई, हे काय? 'आय'? निबंधात 'मी' असतो का कधी? निबंध आपोआप होत असतो. करणारा दिसता कामा नये."

"पण सर, पाहिलं मीच ना!"

"ते तुमचं खासगी. आणि हे 'प्लीज कम'? लग्नाचं आमंत्रण आहे का? शेकरू मॅडमकडे जा. त्या जोड्या बघून देतील."

शेकरू मॅडम एका ऐनाच्या झाडावर राहायच्या. स्वभावाने खरंच चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी गिरजाक्काला बसवलं, दोन जांभळं दिली आणि यादी उघडली.

"होल... होल... नाही हो. होलला जोडी नाही. यादीतच नाही तो शब्द. हायपोथिसिस आहे. चालेल?"

"म्हणजे घुशींनी बांधात हायपोथिसिस पाडलीत, असं लिहू?"

"पाडत नाहीत. 'फॉर्म्युलेट' करतात."

गिरजाक्काने कपाळाला हात लावला. "मॅडम, माझी पिल्लं आहेत हो तिथं."

"कळतं हो मला. मलाही लेकरं आहेत," शेकरू मॅडम कळवळून म्हणाल्या. "म्हणून तर म्हणते, निबंध पास झाला पाहिजे. बिनजोडीचा एक जरी शब्द राहिला ना, तर सर आख्खा कागद परत पाठवतात. रॅट काढा. त्यांची जोडी पिंजऱ्याशी, क्रियापदाशी नाही."

रॅट्स गेल्या. गिरजाक्का घरी आली, तर धार करंगळीएवढी झाली होती.

दुसऱ्या खेपेला 'ब्रेक' गेलं. धनेश सर म्हणाले, "विद्वान इतकं ठामपणे बोलत नाहीत. ठाम बोलायला आपण अडाणी आहोत का?" तिसऱ्या खेपेला 'वॉटर' गेलं. चौथ्या खेपेला 'डॅम'. सरांनी यादी चारदा चाळली, पण साहेबाच्या पुस्तकात डॅम नव्हता. साहेब शिकारीला आला होता, त्याला बांधाचं काय!

खोटं कशाला सांगू, एव्हाना गिरजाक्कालाही त्या जोड्यांची गोडी लागली होती. 'एव्हिडन्स'शेजारी 'प्रोव्हाइड' बसवलं, की तिला घर सारवून झाल्यासारखं वाटायचं. शेजारणी म्हणायच्या, "आक्का, किती छान लिहितेस गं!" तिने घरात पिल्लांनाही टोकायला सुरुवात केली. पिटकी "आई, मी बघितलं" म्हणाली, की ही म्हणायची, "मी बघितलं नाही गं, माझ्याकडून निरीक्षण करण्यात आलं." पिटकी तोंड वाकडं करून पळून जायची.

नवव्या खेपेला निबंध पास झाला. नुसता पास नाही, सुवर्णपदक! त्यात अटेन्शन पे करण्यात आलं होतं. कन्सर्न रेझ करण्यात आला होता. रोल प्ले करण्यात आला होता. कन्क्लुजन ड्रॉ करण्यात आलं होतं, आणि शेवटी फर्दर रिसर्च कंडक्ट करण्याची गरज एक्स्प्रेस करण्यात आली होती. बांध नव्हता. भोकं नव्हती. घुशी नव्हत्या. पाणी तर औषधालाही नव्हतं.

आणि बांधातली धार आता मनगटाएवढी झाली होती.

टेकडीवर पदवीदानाचा सोहळा भरला. झाडून सगळं जंगल आलं. गळ्यात पदक घालून गिरजाक्काने निबंध वाचला. टाळ्या थांबेनात.

वाघमहाराज सद्गदित झाले. "वा! एक अक्षर कळलं नाही. फार खोल आहे. धनेश सर, बाईंचं म्हणणं काय आहे?"

"आणखी संशोधन व्हावं, असं आहे महाराज."

"मग व्हायलाच पाहिजे. अकरा जणांची समिती नेमा."

गिरजाक्का म्हणायला गेली, "महाराज, शिळा..." पण शिळेलाही जोडी नव्हती. ती मनातल्या मनात यादी चाळू लागली.

इतक्यात गर्दीतून धडपडत पिटकी आली. नखशिखांत चिखलाने माखलेली.

"आई! घरात पाणी आलं!"

आणि बाळांनो, आता सांगतो ते ऐकून हसू नका. गिरजाक्काच्या तोंडून निघून गेलं, "आलं नाही गं, पाणी आल्याचं निदर्शनास..."

एवढं म्हणून ती थांबली. पिटकी तिच्याकडे टकामका बघत होती. गिरजाक्काला स्वतःची अशी लाज वाटली, अशी लाज वाटली, की आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने पदक ओरबाडून फेकलं.

"बांध फुटतोय!" ती टाहो फोडून ओरडली. "गव्यांनो, शिळा सारा! खालच्या अंगाला कुणी असेल तर वर या!"

हे मात्र सगळ्यांना कळलं. एका दमात कळलं. गवे हुकमासाठी थांबले नाहीत, उधळत सांडव्याकडे गेले. पण आता फार उशीर झाला होता. ते निम्म्या वाटेवर असतानाच बांध खचला.

गिरजाक्का धावत टेकडी उतरून बिळात शिरली, तेव्हा पाणी छतापर्यंत आलं होतं. एक पिल्लू तिने मानेला धरून बाहेर काढलं आणि खडकावर टाकलं. दुसऱ्यासाठी परत बुडी मारली. पिटकी खडकावर उभी राहून आईला हाका मारत राहिली, एक, दोन, तीन. चौथ्या हाकेला गिरजाक्का वर आली. पिल्लू तिच्या तोंडात होतं आणि ते खोकत होतं. मागून बीळ, बांध, सगळं वाहून गेलं. तिने तिघांना पोटाशी धरलं आणि ती ओक्साबोक्शी रडली.

जीवितहानी झाली नाही. सगळं जंगल टेकडीवर निबंध ऐकायला आलं होतं ना! विद्यापीठाने पुढे ही गोष्ट आपल्या कार्याच्या अहवालात ठळक अक्षरांत छापली.

चौकशी झाली. धनेश सरांनी पुराव्यानिशी दाखवून दिलं, की बांधाला धोका असल्याचा एकही निबंध विद्यापीठाकडे आलेला नाही. कागद तपासण्यात आले. ते खरंच होतं.

गिरजाक्काने पुन्हा कधी निबंध लिहिला नाही. ओढ्याच्या काठी तिने नवीन बीळ केलं. पण तिचा जुना निबंध फार गाजला. तो आदर्श नमुना म्हणून सातवीच्या पुस्तकात लागला, आणि पिटकी सातवीत गेली तेव्हा तिला तो पाठ करावा लागला.

ती पुढे-मागे झुलत पाठ करत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "आई, हे कशाबद्दल आहे गं?"

"आपल्या जुन्या घराबद्दल," गिरजाक्का म्हणाली.

पिटकीने निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग पुस्तक उलटं धरून पाहिलं. पण घर काही तिला सापडलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, काही खरं सांगायचं असेल, तर आधी त्याला कोणतं क्रियापद लागतं ते थोरामोठ्यांना विचारून घ्यावं. पूर तेवढा वेळ थांबतो.