‘एकटीच’ या शब्दाची चौकशी

बसा रे नीट. खिडकीतल्या बाळा, पाय खाली घे. आजची गोष्ट जंगलातली आहे. कुठलं जंगल, किती लांब, तिथे एसटी जाते का, असलं काही विचारायचं नाही. गोष्टीतल्या जंगलाला नदी लागते, आंबा लागतो, एक मोठा वड लागतो, ते सगळं तिथे होतं. शिवाय एक सुसंस्कार मंडळ होतं. ते कशाला होतं, हेही विचारायचं नाही. मंडळं असतात.

तर त्या जंगलात हिंदोळ नावाचा एक कोकीळ राहायचा. तो गाणी लिहायचा. म्हणजे चैत्र आला की एक गाणं लिहायचा आणि उरलेलं वर्ष फळं खायचा. त्याचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी त्याने लिहिलं:

ये गं, ये गं,
आंब्याखाली ये गं,
एकटीच ये गं.

झालं. संपलं गाणं. एवढंसंच, म्हणून नाक मुरडू नका. कोकिळाचं गाणं छोटंच असतं, पण तो ते दिवसभर गातो. आणि हे गाणं काही त्याने जगासाठी लिहिलं नव्हतं. नदीपलीकडच्या राईत केतकी नावाची एक ठिपक्याठिपक्यांची कोकिळा राहायची. तिच्यासाठी लिहिलं होतं. कोकिळांचा हंगाम अगदी लहान. आंबे उतरायच्या आत ती आली तर आली. नाही तर हिंदोळला वर्षभर एकट्याने फळं खात बसावं लागणार. म्हणून बिचारा जीव तोडून गात होता.

पण गाणं केतकीच्या आधी दक्षराव कावळ्यांच्या कानावर पडलं. दक्षराव हे सुसंस्कार मंडळाचे अध्यक्ष. मान वाकडी करून, एकच डोळा लावून जगाकडे बघायची त्यांना सवय होती.

“अहो, ऐकलंत का?” ते घरट्याच्या काठावर बसून म्हणाले.

त्यांच्या पत्नी सुशीलाबाई अंड्यांवर बसल्या होत्या. “सकाळपासून तेच ऐकतेय,” त्या म्हणाल्या. “चाल बरी आहे.”

“चाल मरू दे. एकटीच म्हणजे काय?”

सुशीलाबाईंनी जरा विचार केला. “म्हणजे बरोबर कोणी नको.”

“का नको?”

आता मात्र सुशीलाबाईंनाही कसंतरी झालं. त्यांनी पंख सावरून अंडी नीट झाकून घेतली. दक्षराव तडक आंब्यावर गेले.

“हिंदोळ, हे तू लिहिलंस?”

“हो.”

“कुणाला बोलावतोयस?”

“केतकीला.”

“कशाला?”

हिंदोळ बुचकळ्यात पडला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. “ती येऊ दे तर आधी,” तो म्हणाला, “मग ठरवू काय ते.”

“बघा,” दक्षराव म्हणाले. बघायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. पण अध्यक्ष झालं की असं म्हणावं लागतं. “अरे, गाण्यातून पिढी घडते. लहान लहान पिल्लं ऐकतात. गाण्यात काहीतरी शिकवण नको?”

“मी केतकीला काय शिकवणार? तिला सगळं येतं.”

“तोंड सांभाळून बोल. गाणं दुरुस्त कर, नाहीतर बंद कर.”

हिंदोळ स्वभावाने गरीब होता. त्याला वाटलं, एवढे मोठे गृहस्थ सांगताहेत, करून बघू. रात्रभर डोकं खाजवून त्याने गाणं दुरुस्त केलं:

ये गं, ये गं,
आंब्याखाली ये गं,
आत्याबाईंना घेऊन ये गं,
दोन हात लांब बस गं.

दक्षराव खूश झाले. “याला म्हणतात काव्य,” ते म्हणाले.

हिंदोळने हे काव्य पहाटेपासून गायला घेतलं. आणि बाळांनो, गाण्यात ताकद असते, हे खरं आहे. दुपारपर्यंत आंब्याखाली तीन आत्याबाई येऊन बसल्या. कुणाच्या होत्या कोण जाणे. त्यांनी हिंदोळला खाली बोलावून घेतलं आणि तुम्ही मूळचे कुठले, वडील काय करतात, घरटं स्वतःचं आहे का, अशी चौकशी केली.

“घरटं नाही,” हिंदोळ म्हणाला. “आमच्यात बांधत नाहीत.”

“अगं बाई,” तिघी म्हणाल्या, आणि अंधार पडेपर्यंत पाडाचे आंबे खात बसल्या.

केतकी काही आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वाऱ्यावरून निरोप आला, की ते गाणं ऐकून नदीपलीकडे सगळ्यांना वाटतंय, हिंदोळची तब्येत बरी नाही. त्याने आत्याबाईंना हात जोडले, दुरुस्त गाणं टाकून दिलं आणि पुन्हा ‘एकटीच ये गं’ सुरू केलं.

मग काय, मंडळाची सभा लागली.

आता मंडळाचा एक नियम होता, तो नीट ऐका. गाणं बंद करायचं तर आधी ते प्रत्येक सभासदाने स्वतःच्या कानाने पूर्ण ऐकलेलं असलं पाहिजे. नियम चांगलाच होता. न ऐकता शिव्या द्यायच्या नाहीत, इतपत न्याय त्या जंगलात शिल्लक होता. आणि मंडळात सभासद कोण? तर जंगलातले यच्चयावत कावळे आणि त्यांच्या बायका. सगळे नदीकाठच्या वडावर जमले. हिंदोळला सर्वांत उंच फांदीवर उभं केलं.

“मी खालून म्हणतो,” हिंदोळ म्हणाला. “मला सभेत गायची लाज वाटते.”

“लाज लिहिताना वाटायला हवी होती. वरूनच म्हण, आणि मोठ्याने म्हण. मागे ऐकू गेलं पाहिजे.”

हिंदोळने गाणं म्हटलं. सभा गंभीर झाली. मागून एक म्हातारा कावळा म्हणाला, “ते ‘एकटीच’ जरा नीट ऐकू आलं नाही. पुन्हा होऊ दे.”

पुन्हा झालं. मग दोघं उशिरा आले, त्यांच्यासाठी पुन्हा झालं. मग एका बाईंनी विचारलं, की ‘ये गं’ म्हणताना हा आवाज वर नेतो, तो मुद्दाम नेतो का? ते तपासायला पुन्हा झालं. संध्याकाळी सभा उद्यावर गेली, कारण ‘एकटीच’वर सखोल चर्चा व्हायची होती. दुसऱ्या दिवशी सगळे सभासद वेळेच्या आधीच येऊन बसले. तिसऱ्या दिवशी तर पुढच्या फांद्यांवर जागा धरण्यावरून भांडणं झाली.

हिंदोळने एकदा धीर करून विचारलं, “दक्षराव, हे गाणं तुमच्यासाठी नाहीच. तुम्ही ऐकलं नाही तर चालणार नाही का?”

“न ऐकता ते वाईट आहे, हे आम्हाला कळणार कसं?” दक्षराव म्हणाले. हिंदोळने पुन्हा गाणं म्हटलं.

इतकी उंच फांदी हिंदोळला जन्मात मिळाली नव्हती. तिथून आवाज थेट नदीपलीकडे जात होता. चौथ्या दिवशी केतकी आली. एकटीच आली. सभेच्या मागे पानात बसून तिने गाणं दोनदा ऐकलं, आणि हिंदोळचा आवाज असा लागला की मंडळाच्या दोन ज्येष्ठ सभासदांनी डोळे मिटून घेतले.

पुढचे काही दिवस हिंदोळ सुखात होता. दिवसा चौकशी, संध्याकाळी केतकी. एका संध्याकाळी ती म्हणाली, “अरे, अंड्यांचं काय करायचं?”

“कसली अंडी?”

तो कवी होता, बाळांनो. असल्या गोष्टी त्याच्या लक्षात येत नसत.

“आपली,” केतकी म्हणाली. “जाऊ दे, मी सोय केलीय. तुमची सभा चालू असते ना, तेव्हा सगळी घरटी रिकामी असतात. दक्षरावांचं घरटं काय पक्कं बांधलंय. आत मऊ काथ्या घातलाय.”

हिंदोळ आ वासून बघत राहिला. “पण हे बरं दिसतं का?”

“तुला उबवायला येतं?”

“नाही.”

“मला पण नाही,” केतकी म्हणाली, आणि विषय संपला.

त्या रात्री सुशीलाबाई घरट्यात बसताना म्हणाल्या, “अहो, यातली दोन अंडी जरा बारीक नाही वाटत?”

दक्षरावांनी एक डोळा लावून पाहिलं. “कशी वाढतील? दिवसभर कानावर तसलं गाणं. आता तरी पटलं ना, अशा गाण्यांनी पिढीची काय खराबी होते ते.” सुशीलाबाईंना पटलं. त्या बारीक अंड्यांना त्यांनी जास्त ऊब दिली.

शेवटी सभेने एकमताने ठराव केला, की हे गाणं अश्लील असून ते यापुढे या जंगलात कुणीही गाऊ नये. तोवर आंबे उतरले होते. हंगाम संपला की कोकीळ आपोआपच गप्प बसतात. पण मंडळाला वाटलं, ठरावाने गप्प बसला. त्यांनी विजयोत्सव केला. आणि हिंदोळच्या मनाला मात्र घोर लागला. पुढच्या चैत्रात गायचं काय? न गाता कोकिळाने जगायचं कसं?

वर्ष गेलं. दक्षरावांची पिल्लं मोठी झाली. त्यातल्या सुबोधवर त्यांचा फार जीव. काळाकुळकुळीत, डोळे तेवढे लालसर. सुबोधला ते रोज सकाळी सुवचनं म्हणून दाखवत. सुबोध ती ऐकून घ्यायचा आणि खायला मागायचा.

चैत्र लागला. एके सकाळी सुबोध उठला, आळस दिला, फांदीच्या टोकाला जाऊन बसला आणि त्याने तोंड उघडलं.

“ये गं, ये गं, आंब्याखाली ये गं, एकटीच ये गं.”

सुशीलाबाईंच्या चोचीतला घास खाली पडला. सगळे कावळे दक्षरावांकडे बघू लागले. दक्षरावांनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला.

“काय हा अर्थ,” ते शेवटी म्हणाले. “एकटीच ये. अहो, आत्मा. आत्मा एकटाच येतो, एकटाच जातो. आणि आंबा म्हणजे काय? तर संसार. वरून गोड, आत कोय. एवढ्याशा वयात केवढं वैराग्य.”

“मला वाटलंच होतं,” तो म्हातारा कावळा म्हणाला. “‘एकटीच’ ऐकलं तेव्हाच अंगावर काटा आला होता.”

आठ दिवसांत वडावर सुबोधचा सत्कार ठरला. शाल आली, नारळ आला. कावळ्याला नारळ फोडता येत नाही, पण द्यायची पद्धत आहे. हिंदोळलाही बोलावणं गेलं. वाया गेलेला कवी कसा असतो, हे पिल्लांना दाखवायला त्याला पुढच्या फांदीवर बसवलं. शेजारी केतकी बसली.

सुबोध गाऊ लागला. तेच शब्द, तीच चाल, ‘ये गं’वर आवाज तसाच वर. हिंदोळला आधी संताप आला. माझं गाणं, अक्षर न् अक्षर माझं, आणि शाल कुणाला. तो उठणार इतक्यात त्याला त्या पोराचा गळा फुगताना दिसला. अगदी आपल्यासारखा. मग त्याला असा अभिमान वाटला की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. संताप आणि अभिमान एकाच वेळी गिळायचे म्हणजे अवघड काम. त्याला ठसका लागला.

“गप्प बस,” केतकी हळूच म्हणाली. “बोललास तर ते त्याला आत्ता घराबाहेर काढतील.”

हिंदोळ गप्प बसला. कार्यक्रम संपल्यावर दक्षराव त्याच्याकडे आले.

“रडलास. बरं वाटलं. काहीतरी पोचलं म्हणायचं आतपर्यंत.”

“दक्षराव,” हिंदोळने विचारलं, “आता हे गाणं मी गायलं तर चालेल?”

“छे, छे. तू गायलास की त्यात पुन्हा ती केतकी येणार. तुझ्यावर बंदी आहे ती राहीलच. हां, रोज येऊन आमच्या सुबोधचं ऐकत जा. शब्द तोच, पण त्याच्या तोंडून कसा निघतो बघ. असं का होतं सांग पाहू?”

हिंदोळने सुबोधकडे पाहिलं. शाल अंगावर घेऊन तो उंच फांदीवरून नदीपलीकडे बघत होता, आणि पलीकडच्या राईतून कुणीतरी त्याच्या गाण्याला ओ देत होतं. हिंदोळच्या मनातला वर्षभराचा घोर एकदम उतरला. गाणं बंदीतून सुटलं होतं. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं, पण त्याने मान खाली घातली.

“वळण लागतं, दक्षराव,” तो म्हणाला. “घरचं वळण.”

तात्पर्य: वाईट गाणी कधीही लिहू नयेत. लिहायचीच असतील, तर आधी अध्यक्षांच्या घरी जन्म घ्यावा.